पाच सूत की सोळा एमएम

लेथवर उभं राहून माणसाचे आधी पाय जातात, मग कान, आणि सगळ्यात शेवटी डोळे. माझे तिन्ही आता बेताचेच आहेत. दिवाळी अंकासाठी 'धंद्यातल्या गमतीजमती' लिहा, असं मागणं आलं तेव्हा मी हो म्हणालो खरा, पण लिहायला बसलो तर गमती फारशा आठवेनात. दमणूक आठवली. पनवेलला गोवा हायवेच्या तोंडाशी माझं पत्र्याचं वर्कशॉप होतं. पंधराएक वर्षं मी तिथं सकाळी आठला उभा राहायचो तो संध्याकाळी सातला बसायचो. मधे जेवणापुरतं स्टूल.

टर्नर म्हणजे काय ते आधी सांगतो. पुष्कळांना वाटतं, आम्ही टीव्हीचं बटण फिरवतो. लोखंडाचा दांडा लेथमध्ये धरायचा, तो गरगर फिरतो, त्याला धारदार टूल लावायचं आणि हवा तसा कापायचा. शाफ्ट, बुश, पुली, नट, बोल्ट. बोल्टावर जी गोल गोल नक्षी असते तिला आटे म्हणतात, आणि टर्नरची सगळी अब्रू त्या आट्यांत असते. बाकी काम कोणीही शिकतो.

आता या आट्यांची भानगड अशी, की ते दोन जातींचे. इंची आणि एमएम. आणि या दोन जातींचं लग्न लागत नाही. इतर ठिकाणी लागतं, अगदी थाटात लागतं. आपण सगळेच दोन दगडांवर पाय ठेवून जगतो. प्लायवूड घ्यायला जा, दुकानदार म्हणतो, "आठ बाय चार, एकोणीस एमएम." लांबी-रुंदी फुटात, जाडी एमएममध्ये, आणि गिऱ्हाईक मान डोलावतं. माझी बायको कापड मीटरवर आणायची आणि शिंपिणीला माप इंचात द्यायची. मुलगा झाला तेव्हा दवाखान्यात काट्यावर किलो दिसले, पण आमच्या सासूबाईंना पौंडात सांगेपर्यंत त्यांना बाळ धडधाकट वाटलं नाही. ताप आला की फॅरनहाइट, ऊन वाढलं की सेल्सिअस. कोणाचं काही अडलं नाही.

माझ्याकडे अडायचं. एक भातगिरणीवाले काका होते. त्यांची गिरणी आजोबांच्या काळातली विलायती, आणि मोटर नवी. पुली बनवायला यायचे तेव्हा कागदावर लिहून आणायचे : 'व्यास नऊ इंच, भोक अडतीस एमएम, चावीची खाच तीन सूत.' एकाच पुलीत तीन राज्यं. मी म्हणायचो, "काका, एक काहीतरी धरा." ते म्हणायचे, "मी कशाला धरू? तुम्ही धरा, तुम्ही मिस्त्री." एक शाळामास्तर होते, त्यांना इंचाचा फार राग. पारतंत्र्याचं माप म्हणायचे. त्यांच्या विहिरीच्या पंपाला दोन इंची पाइप लागत होता, पण चिठ्ठीवर ते 'पन्नास पूर्णांक आठ दशांश मिलिमीटर' असं लिहायचे. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. फक्त पंप विलायती होता.

वर सूत म्हटलं, ते इंचाच्या आठव्या भागाला. सुतार, गवंडी, लोहार, फिटर सगळे सुतातच बोलतात. आणि तेव्हा पनवेलच्या आसपास जिकडेतिकडे बांधकामं सुरू झालेली. स्लॅबसाठी लोखंडी सळया यायच्या. कंपनीच्या कागदावर दहा एमएम, बारा एमएम, सोळा एमएम, आणि सेंटरिंगवाल्यांच्या तोंडी तीन सूत, चार सूत, पाच सूत. पाच सूत म्हणजे सोळा एमएम हे समीकरण इतकं पक्कं बसलं होतं की दुकानाच्या पाटीवरसुद्धा तसंच. सळईला ते चालतं. सिमेंटात पुरली की कोण मोजतो? खरं पाहिलं तर पाच सूत सोळा एमएमपेक्षा एमएमच्या आठव्या भागाने बारीक असतं. नखाने खरवडलं तरी जाईल एवढा फरक.

पण आट्यांचं तसं नाही. पाच सुताच्या बोल्टावर इंचाला अकरा आटे असतात. सोळा एमएमच्या बोल्टावर तेवढ्याच अंतरात पावणेतेरा. म्हणजे इंची बोल्ट एमएमच्या भोकात घातला, तर पहिले दोन-तीन फेरे तो गुपचूप जातो आणि मग अडतो. तिथं थांबलं तर काही बिघडत नाही. पण आपली माणसं थांबत नाहीत. पाना लावतात, जोर करतात, बोल्ट स्वतःचे आटे सोलत सोलत आत जातो, आणि इतका घट्ट बसतो की लावणाऱ्याला वाटतं, वा, असा बोल्ट उभ्या जन्मात बसवला नाही. म्हणून मी भिंतीवर रंगाने लिहून ठेवलं होतं : 'नमुन्याशिवाय काम घेतले जाणार नाही.' जुना बोल्ट आणा, नाहीतर ज्याच्यात बसणार ती वस्तू आणा. तोंडी मापावर मी काम करत नसे.

तो नियम मी मोडला त्याची ही हकीकत आहे. बाकीचं सगळं प्रस्तावनाच म्हणा.

दसरा होऊन गेला होता. आमच्याच बाजूच्या एका शेठची वीटभट्टी होती. त्यांची भातशेती होती, थोडी मिठागरं होती, आता ट्रक आणि भट्टी. माझ्याकडचं निम्मं काम त्यांचंच. त्यांच्या ट्रॅक्टरवर वामन नावाचा ड्रायव्हर होता, तिशीतला, उरणकडच्या गावचा. कामाला वाघ आणि बोलायला गाय. शेठनी दसऱ्याला नवा ट्रॅक्टर घेतला होता, पण ट्रॉली जुनीच. दोघांची उंची जमेना, म्हणून माझ्या शेजारच्या यूनुसभाईंनी, ते वेल्डर, जाड प्लेट घालून नवा हूक तयार केला. हा हूक ट्रॅक्टरच्या पाठीला चार बोल्टांनी आवळायचा, आणि त्या चार बोल्टांवर अख्खी ट्रॉली ओढली जाणार. प्लेट जाड झाल्यामुळे कंपनीचे बोल्ट आखूड पडले.

वामन सकाळी सकाळी दारात उभा. "मिस्तरी, चार बोल्ट पायजेत. पाच सूत. चार इंच लांब."

"नमुना?"

"कंपनीचे बोल्ट भट्टीवर र्‍हायले. आनायला गेलो तं दुपार व्हईल. शेठ बोलले, दुपारच्या आत मानसा घेऊन ये."

माणसं म्हणजे कर्नाळ्याच्या पलीकडच्या वाडीतली कातकरी माणसं. भट्टीचा हंगाम सुरू झाला की बायकामुलं, कोंबड्या, गाठोडी, मडकी असं सगळं बिऱ्हाड ट्रॉलीत भरून आणायचे, ते पावसाच्या तोंडाशी परत सोडायचे.

ट्रॅक्टर माझ्या दारातच उभा होता. दसऱ्याचा झेंडूचा हार सुकून त्याच्या तोंडावर लटकत होता. नवा ट्रॅक्टर म्हणजे सगळे आटे एमएमचे, हे मला झोपेत विचारलं असतं तरी सांगितलं असतं. चार पावलं चालून त्या भोकात आटे मोजायचा गेज घालायचा, एवढंच करायचं होतं.

मी ते का केलं नाही, ते लिहायलाच इतकी वर्षं लागली. माझा लेथ मुंबईतल्या एका बंद कारखान्याच्या भंगारातून आणलेला, जुना, इंग्लंडचा. त्याचं सगळं अंतरंग इंचाचं. इंची आटे तो हसत हसत पाडायचा. एमएमचे पाडायचे तर मागची चाकं सोडून एकशे सत्तावीस दात्यांचं एक मोठं चाक बसवावं लागे. एकशे सत्तावीसच का, तर पाच इंच म्हणजे बरोबर एकशे सत्तावीस एमएम. त्या एका चाकात दोन्ही जगांचा हिशेब जुळतो. पण ते बसवायला कंबरेत वाकून, हात काळे करून अर्धा तास जायचा, आणि त्यानंतर प्रत्येक फेऱ्याला मशीन उलटं फिरवून मागे आणावं लागायचं. चार बोल्टांना दीड तास जास्त. त्या आठवड्यात माझी कंबर धरलेली, बायको माहेरी, घरी जाऊन भात टाकायचा मीच. मी गेज घेऊन बघायला गेलो असतो तर भोक एमएमचं निघालं असतं, आणि निघालं असतं तर चाक बदलावं लागलं असतं. म्हणून बघायला गेलो नाही. चुकून झालं असं मी पुष्कळदा स्वतःला सांगितलं. चुकून नव्हतं. मला बघायचं नव्हतं.

पाच सुताचे चार बोल्ट तासाभरात दिले. आटे सुरेख पडले होते. वामन बाहेर यूनुसभाईंच्या शेडसमोर ते लावायला बसला. थोड्या वेळाने आत आला. "मिस्तरी, पाइप हाय काय एकादा? लय टाइट जातान. मस्त बसतान."

पान्याला पाइप लावला की जोर दुप्पट होतो. नीट जुळणारा बोल्ट निम्म्यापर्यंत बोटांनी फिरतो, त्याला पाइप लागतच नाही. हे मला माहीत होतं. मी कोपऱ्यातला पाइप उचलून त्याच्या हातात दिला. वामनने बोल्ट आवळले, पाइप परत केला, ट्रॉली जोडली आणि गेला.

अकराच्या सुमारास मी चहाला बाहेर आलो. जिथं ट्रॅक्टर उभा होता तिथं धुळीत काहीतरी चकाकत होतं. वाकून उचललं. लोखंडाचा किस होता, बारीक, कुरळा, ताजा. यूनुसभाई समोरच बसले होते. ते म्हणाले, "काय मिळालं मिस्त्री?" मी हात पुढे केला. त्यांनी तो किस चिमटीत धरला आणि माझ्याकडे बघत राहिले. "आटे सोलले गेलेत हे. या अल्ला. ती ट्रॉली माणसं आणायला गेलीय ना?"

रिकामी ट्रॉली ओढून नेण्याइतकी पकड त्या बोल्टांत होती. भरलेली ट्रॉली घेऊन कर्नाळ्याची खिंड चढताना नसणार. चढावर हूक सुटला तर ट्रॉली मागे घरंगळणार, आणि तिला थांबवायला काहीच नाही. मागून हायवेचे ट्रक. मी पाना घेतला, स्कूटरला किक मारली. शेड उघडीच टाकली.

रस्ताभर मी समोरून येणारा प्रत्येक ट्रॅक्टर बघत होतो, आणि गर्दी कुठे जमलेली दिसते का ते बघत होतो. खिंड चढलो, उतरलो. कुठेही काही नव्हतं. पलीकडे उतारावर चहाची टपरी होती, तिथं ट्रॅक्टर उभा दिसला तशी मी स्कूटर टाकून धावलो. वामन इंजिनात पाणी घालत होता. ट्रॉली गच्च भरलेली. तीसेक माणसं, त्यात निम्मी मुलं.

"वामन, सगळ्यांना खाली उतरव. बोल्ट बरोबर नाहीत."

तो हसला. "काय बोलतान मिस्तरी? पाइप लावून आवललेत. हालत पन नाय. हे बघा." आणि त्याने हुकावर एक लाथ घातली. हूक खरंच हलला नाही. टपरीवाला हसला. ट्रॉलीतले लोक बघत राहिले. कोणी उतरेना. त्यांना गाठोडी रचायलाच तासभर लागला असणार, आणि कोण कुठला माणूस स्कूटरवरून येतो नि उतरा म्हणतो. वामन म्हणाला, "दुपार झाली तं शेठ माझी सालटी काढतील. भट्टीवर पोचू द्या, मंग बघू."

मी चढाकडे बघितलं. मी नुसतंच "उतरा, उतरा" म्हणत होतो.

ट्रॉलीच्या कडेला एक म्हातारी बसली होती, मांडीवर नातू. सोमीबाय म्हणत होते तिला सगळे. ती मला वरून खालपर्यंत न्याहाळून म्हणाली, "यो मानूस घाबारलाय. घामानं भिजलाय बघा. उगाच कोन नाय घाबरत." तिने नातवाला खाली दिलं आणि स्वतः चाकावर पाय ठेवून उतरली. ती उतरली तशी बाकीची उतरली.

मी पाना लावला. पहिला बोल्ट करकरला, पाव फेरा फिरला, आणि मग एकदम सैल झाला. पाना बाजूला ठेवून मी तो बोटांनी काढला. आटे नव्हतेच. सोललेल्या उसाच्या कांडीसारखा गुळगुळीत झाला होता. दुसरा तसाच. तिसरा तर मी नुसता धरून ओढला आणि हातात आला. एवढा वेळ ट्रॉली एकट्या चौथ्यावर होती.

टपरीवाला हसायचा थांबला. वामन पुढे आला. तीन बोल्ट हातात घेऊन तो एकदा त्यांच्याकडे, एकदा मुलांकडे बघत होता. "मी लावले," तो म्हणाला. "मीच पाइप लावला." मी त्याला सांगणार होतो. देवाशपथ सांगतो, शब्द ओठांवर होते.

तेवढ्यात शेठची जीप आली. माणसं अजून का आली नाहीत ते बघायला निघाले होते. टपरीवाल्यानेच सगळं सांगितलं, मिस्त्री कसे धावत आले, बोल्ट कसे निघाले. शेठनी एक बोल्ट उचलून बघितला. त्यांना इंची-एमएममधलं काही कळत नव्हतं, पण सोललेले आटे कोणालाही दिसतात.

"कोनी आवलले?"

"मी," वामन म्हणाला.

"पाइप लावून?"

"हा."

"नव्या ट्रॅक्टरची वाट लावलीस. आनि तीस मानसांचा खून माझ्या बोकांडी बसवत होतास. अक्कल गहान ठेवलीस काय?" ते आणखी बरंच बोलले, ते लिहिण्यासारखं नाही. शेवटी हात पुढे केला. "चावी दे. उद्यापासून येऊ नको."

वामनने चावी दिली. मी तिथंच उभा होतो, शेठपासून दोन हातांवर. बोल्ट चुकीचा मी दिला, हे चार शब्दांचं वाक्य आहे. पण माझं निम्मं काम त्या माणसाचं होतं, आणि त्याच वेळी तो माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणत होता, "मिस्त्री, तुम्ही होतात म्हणून. तुमचे उपकार विसरनार नाय." मी मान खाली घातली. त्याला तो विनय वाटला.

माणसं चालत गेली. डोक्यावर मडकी, काखेत कोंबड्या, कडेवर मुलं, खिंड चढून पनवेलकडे. मी सोमीबायला म्हणालो, "आजी, तुम्हाला त्रास झाला." ती म्हणाली, "चालायचा कसला तरास?" आणि निघाली.

मी वर्कशॉपवर आलो, एकशे सत्तावीसचं चाक बसवलं आणि सोळा एमएमचे चार बोल्ट पाडले. सगळं धरून अडीच तास लागले. कंबर दुखली. पण त्याने कोणी मरत नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो. शेठनी ही गोष्ट पनवेलभर केली. मी हुशार, मी देवमाणूस, मी किस बघून ओळखलं. यूनुसभाईंना खरं माहीत होतं. ते मला एकदाच म्हणाले, "त्या वामनचं काय?" मी म्हणालो, "सांगतो शेठना, एकदा बसून नीट सांगतो." यूनुसभाईंनी पुन्हा विचारलं नाही. पण त्यांनी माझ्याकडे चहाला येणं हळूहळू कमी केलं, आणि ते का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. शेठकडे मी दहा वेळा गेलो असेन. दर वेळी दुसरंच काही काम निघायचं, आणि मला तेच हवं असायचं.

माघी गणपतीत आमच्या नाक्यावरच्या मंडळाने माझा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, शेठच्या हस्ते. 'कर्तव्यदक्ष कारागीर' असं काहीसं निवेदक म्हणाला. मी स्टेजवर उभा राहिलो. टाळ्या वाजल्या. तिसऱ्या-चौथ्या रांगेत वामन बसला होता, शेजारी त्याची बायको, मांडीवर मुलगी. मला वाटलं, हा आता उठेल आणि बोलेल. मी वाट बघत होतो म्हणा ना. खरं सांगायचं तर, तो बोलला असता तर मी सुटलो असतो.

तो टाळ्या वाजवत होता.

कार्यक्रम संपल्यावर तो गर्दीतून वाट काढत आला. हाताला चुना लागलेला होता. ट्रॅक्टर हातचा गेल्यावर त्याला कोणी गाडी दिली नव्हती, तीस माणसं मारणार होता म्हणून त्याचं नाव झालं होतं. सकाळी नाक्यावर उभा राहायचा, मिळेल त्या गवंड्याच्या हाताखाली जायचा. त्याने बायकोला माझ्यासमोर आणलं आणि म्हणाला, "ह्येच ते मिस्तरी. ह्ये नसते तं माझ्या हातनं पाप झाला असता. मला तं अजून झोप लागत नाय, पोरांची तोंडा दिसतान." मग मला म्हणाला, "चूक माझी व्हती मिस्तरी. तुमी सांभाललात."

आणि तो तिथं, सगळ्यांसमोर, वाकून माझ्या पाया पडला. मुलीलाही पाया पडायला लावलं.

मी त्याला खांद्याला धरून उठवलं. "अरे, राहू दे," म्हणालो. एवढंच म्हणालो.